श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, खटाव तालुक्यात, औंध नावाचे एक गाव आहे. गावाशेजारी एक उंच डोंगर असून त्याच्या माथ्यावर यमाई देवीचे पुरातन मंदिर आहे. डोंगर निम्मा चढून गेले की वाटेत एक सुंदर वस्तुसंग्रहालय लागते. देशोदेशीची चित्रे, शिल्पे, हस्तिदंती कोरीव काम, जुनी हस्तलिखिते अशा कितीतरी गोष्टी तेथे नीटनेटक्या मांडून ठेवल्या आहेत. शाळेत असताना मी मुलांची सहल घेऊन अनेकदा तेथे गेलो. आडवळणाच्या या लहान गावी एवढा मोठा संग्रह आला तरी कोठून, असा प्रश्न दर वेळी कोणीतरी मुलगा विचारीच. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चरित्र होय. परंतु बाळासाहेबांच्या हातून घडलेले सर्वांत मोठे कार्य मात्र त्या संग्रहालयात नाही. ते पुण्यास आहे, आणि आज आपण मुख्यतः त्याचीच हकीकत पाहणार आहोत.

छत्रपती राजाराम महाराज जिंजीस असताना त्यांनी राज्यात प्रतिनिधी हे नवे पद निर्माण केले. पुढे हे पद किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात आले आणि त्या घराण्यास पंतप्रतिनिधी असे नाव पडले. मराठी राज्य गेल्यावर या घराण्याकडे औंधचे संस्थान राहिले. ते अगदी लहान होते. त्यात अवघी 72 गावे, आणि तीही एकमेकांना लागून नव्हती. काही औंधच्या आसपास, काही कुंडल आणि आटपाडीकडे, तर काही दूर विजापूरच्या बाजूस गुणदाळ येथे. कुंडल आणि आटपाडी हे भाग आज सांगली जिल्ह्यात आहेत. त्या काळी सांगली हा जिल्हाच नव्हता. सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग 1949 साली वेगळा काढण्यात आला आणि 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. आटपाडीचा मुलूख तुम्ही पाहिला असेल, तर तेथील कोरडी माळराने तुमच्या डोळ्यांसमोर येतील. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ, आणि दर चार-दोन वर्षांनी दुष्काळ ठरलेला. अशा संस्थानाची तिजोरी काही कुबेराची नव्हती.

बाळासाहेबांचा जन्म 24 ऑक्टोबर 1868 रोजी झाला. शालेय शिक्षण साताऱ्यास संपवून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले आणि मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी त्यांनी मिळविली. राजघराण्यातील मुलाने परीक्षा देऊन पदवी घ्यावी, हे त्या काळी नवलाचेच होते. संस्कृत भाषेची त्यांना मनापासून गोडी होती, आणि चित्रकलेचा छंद तर लहानपणापासूनचा होता. पदवी मिळाल्यावर वडिलांच्या हाताखाली संस्थानचे चिटणीस म्हणून त्यांनी काही वर्षे कारभार पाहिला. 1909 साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ते औंधच्या गादीवर बसले. गादी लवकर न मिळाल्यामुळे त्यांचे नुकसान झाले नाही, उलट लाभच झाला, असे मला वाटते. कारकुनी कागद हातांखालून गेलेला राजा रुपयाची किंमत जाणतो.

गादीवर येताच पुढच्याच वर्षी एक प्रसंग आला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा बेळगावास लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे तयार करण्याचा कारखाना होता. तेथील जागा त्यांना सोडावी लागली आणि कारखाना न्यावा कोठे, ही चिंता उभी राहिली. बाळासाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलाविले. कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला ओसाड माळ त्यांना दिला आणि कर्जाऊ पैसाही दिला. त्या माळावर 1910 साली उभी राहिली ती किर्लोस्करवाडी. मनुष्य पारखावा आणि मग त्याच्यावर विश्वास टाकून स्वस्थ राहावे, ही बाळासाहेबांची रीत येथे प्रथम दिसून आली. आता पुण्याकडे वळू.

1917 सालच्या जुलै महिन्यात, थोर पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या नावाने, पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. जुन्या पोथ्या जतन कराव्यात, त्यांचा अभ्यास करावा, हा त्याचा हेतू. पोथ्या म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. छापखाने निघण्यापूर्वी प्रत्येक ग्रंथ हाताने लिहावा लागे. काश्मिरात भूर्ज नावाच्या झाडाच्या सालीवर लिहीत, दक्षिणेत ताडाच्या पानावर लोखंडी टोचणीने अक्षरे कोरीत आणि मग त्यांत काजळी भरीत. आपल्याकडे कागदावर बोरूने लिहीत. अशा पोथ्या घरोघरी कापडी बासनात बांधून ठेवलेल्या असत. आजोबा त्या वाचीत, वडील त्यांची पूजा करीत, आणि नातवाला त्या वाचताही येत नसत. मग वाळवी लागे, उंदीर कुरतडीत, पावसाळ्यात शाई पसरे. फाटकी पोथी घरात ठेवू नये म्हणून कित्येक घरांतून ती नदीत सोडून देत. एकेक पोथी अशी गेली की तिच्यातील शब्दही कायमचे जात, कारण तीच कदाचित त्या पाठाची शेवटची प्रत असे.

सर्व पोथ्यांत महाभारताच्या पोथ्या सर्वांत अधिक आणि सर्वांत भिन्न. तुम्ही फळ्यावरचा एखादा लांब उतारा वहीत लिहून घेता. मग तुमची वही पाहून शेजारचा लिहितो, त्याची पाहून तिसरा. चाळिसाव्या मुलाच्या वहीत मूळचा उतारा जसाच्या तसा राहतो काय? एखादा शब्द गळतो, एखादा बदलतो, आणि एखाद्या हुशार मुलाला आपले चार शब्द मध्ये घालण्याचा मोह होतो. महाभारताचे असेच झाले, आणि ते दीड-दोन हजार वर्षे होत राहिले. काश्मिरातील महाभारत आटोपशीर, तर केरळ आणि तमिळ देशातील पुष्कळच मोठे. एका प्रांतात जी गोष्ट सर्वांच्या तोंडी, ती दुसऱ्या प्रांताच्या पोथीत नावालाही नाही. सतराव्या शतकात गोदावरीकाठच्या कोपरगावचे नीलकंठ पंडित काशीस राहत असत. त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या मिळवून महाभारतावर टीका लिहिली. मुंबईस छापलेले नीलकंठी महाभारत सर्वत्र वाचले जात असे. परंतु मूळ ग्रंथाचे सर्वांत जुने रूप कोणते, हे शोधून काढण्याचे काम तसेच पडून होते.

या कामाची निकड प्रथम परदेशी पंडितांना वाटली. मोरित्स विंटरनित्स या विद्वानाने 1897 साली पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी अशी सूचना मांडली. युरोपातील विद्यापीठांनी पुढे ती उचलून धरली. जर्मन पंडित हाइन्रिख ल्यूडर्स यांनी 29 पोथ्या ताडून पाहून 1908 साली एक लहानसा नमुनाही छापला. तो केवळ 67 श्लोकांचा होता. इतक्यात 1914 साली महायुद्ध पेटले. युरोपातील राष्ट्रे एकमेकांच्या जिवावर उठली, तेथे महाभारत कोण पाहतो! काम जागच्या जागी थांबले.

तेव्हा हे काम आपल्या देशातच व्हावे असे भांडारकर संस्थेच्या मंडळींच्या मनात आले. परंतु विचार मनात येणे सोपे आणि तो पार पडणे कठीण. शेकडो पोथ्या गोळा करावयाच्या, निरनिराळ्या लिप्या जाणणारे पंडित नेमावयाचे, वर्षानुवर्षे त्यांना पगार द्यावयाचा, आणि मग एवढा मोठा ग्रंथ छापावयाचा. संस्था तर एक वर्षाची. 1918 सालच्या जुलै महिन्यात संस्थेची वार्षिक सभा भरली. त्या सभेत औंधच्या बाळासाहेबांनी महाभारताच्या सचित्र चिकित्सक आवृत्तीसाठी एक लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली.

मुलांनो, त्या वेळचे एक लक्ष रुपये म्हणजे किती, याची आज कल्पना येणे अवघड आहे. महाभारताचे श्लोक एक लक्ष अशी परंपरेची समजूत आहे. जणू श्लोकामागे एक रुपया त्यांनी मोजला. बडोदे किंवा म्हैसूर अशा मोठ्या संस्थानांना ही रक्कम जड गेली नसती. 72 गावांच्या औंधला ती जड होती. शिवाय वर्ष कोणते होते ते पाहा. त्याच 1918 साली दख्खनचा पाऊस फसला आणि पावसाळा सरता सरता इन्फ्लुएन्झाची भयंकर साथ आली. घरोघरी माणसे दगावली. अशा वर्षी, माणदेशासारख्या दुष्काळी मुलखाच्या राजाने जुन्या पोथ्यांवर लाख रुपये घालावेत काय, असे कोणासही वाटेल. मलाही वाटले आहे. विहिरी खोदणे, तलाव बांधणे ही कामे डोळ्यांना दिसतात, आणि तहानलेल्याला प्रथम पाणीच हवे असते. हा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विहीर पुढच्या वर्षीही खोदता येते. वाळवीने खाल्लेली पोथी पुढच्या वर्षी मिळत नाही. शब्द दिला त्याच वर्षी एवढी संकटे आली, तरी बाळासाहेबांनी तो मागे घेतला नाही.

1 एप्रिल 1919 रोजी कामास आरंभ झाला. ऐंशी वर्षे उलटलेल्या डॉ. भांडारकरांनी आपल्या हाताने मंगलाचरणाचा श्लोक लिहिला. पहिली काही वर्षे पोथ्या मिळविण्यात आणि कामाची पद्धत बसविण्यात गेली. 1925 साली डॉ. विष्णू सीताराम सुकथनकर हे प्रमुख संपादक झाले आणि कामाला खरी दिशा मिळाली. सुकथनकर मूळचे गणिताचे विद्यार्थी. केंब्रिजला गणित शिकून पुढे ते बर्लिनला गेले आणि ज्यांनी तो 67 श्लोकांचा नमुना छापला होता, त्याच ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत शिकले. गणित्याचा काटेकोरपणा आणि पंडिताची समज, दोन्ही त्यांच्या ठिकाणी एकत्र आली होती.

काम कसे चाले ते ऐकण्यासारखे आहे. एका मोठ्या कागदावर चौकटी आखलेल्या असत. सर्वांत वर छापील महाभारतातील एक श्लोक, एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे लिहीत. त्याखाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ. पंडित पोथी उघडून अक्षर अन् अक्षर वाचीत आणि जेथे फरक दिसेल तेवढाच त्या पोथीच्या ओळीत, त्या त्या चौकटीत भरीत. एक श्लोक झाला की दुसरा कागद. असे हजारो कागद भरले गेले. सर्वच पोथ्या पुण्यास आणता येत नसत, म्हणून बंगालमधील पोथ्यांचे काम शांतिनिकेतनात आणि दक्षिणेकडील काही पोथ्यांचे काम तंजावरास होई. मग संपादकांनी ते कागद पुढे घेऊन विचार करावयाचा. काश्मिरातील पोथी आणि केरळातील पोथी यांची कधी गाठ पडण्याचा संभव नाही. तरीही दोघींत एकच शब्द असेल, तर तो फार जुना असला पाहिजे. एकाच प्रांतात दिसणारा श्लोक असेल, तर तो मागाहून आलेला असण्याचा संभव अधिक. हा निवाडा करताना आवडनिवड चालत नसे. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही गोड कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. सुकथनकरांनी ती आदिपर्वाच्या मुख्य भागातून काढून परिशिष्टात ठेवली, कारण जुन्या आणि महत्त्वाच्या पोथ्यांत ती नव्हती. पुष्कळांना हे रुचले नाही. परंतु त्यांनी ती फेकून दिली नाही, हे ध्यानात ठेवा. जे जे कोणत्याही पोथीत सापडले, ते ते तळटीपेत किंवा परिशिष्टात नोंदलेच पाहिजे, असा त्यांचा नियम होता.

केवळ आदिपर्वासाठी त्यांनी 235 पोथ्यांचा विचार केला. त्यांत 107 देवनागरी लिपीतील होत्या. बंगाली 32, ग्रंथ लिपीतील 31, तेलुगू 28, मल्याळी 26, नेपाळी 5. मैथिली, कन्नड आणि नंदिनागरी यांची प्रत्येकी एकेकच. आणि काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथ्या फक्त 3. हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. काश्मिरातील पाठ सर्वांत जुना आणि शुद्ध असे संपादकांचे मत झाले, पण त्या लिपीत या पर्वाच्या तीनच पोथ्या हाती लागल्या, आणि त्यांतील भूर्जपत्रावरची तर अपुरी होती. आणखी काही काळ कोणी लक्ष दिले नसते तर त्या तीनही राहिल्या असत्या की नाही, कोणास ठाऊक.

लिपी वाचणारी माणसेही पोथ्यांसारखीच विरळ होत जातात. शारदा लिपी एके काळी साऱ्या काश्मिरात चालत असे. आज ती वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नसले तरी फार थोडे उरले आहेत. फार दूर कशाला जा, आपल्या मोडीचे काय झाले? तुमच्या पणजोबांच्या काळी शाळेत मोडी शिकवीत आणि खतपत्रे मोडीत लिहीत. आज घरातला जुना दस्तऐवज हाती आला तर तो वाचून दाखविणारा जाणकार गावोगाव शोधावा लागतो. ज्या भाषांना लिपीच नाही, त्यांची गोष्ट तर याहून अवघड आहे. आपल्याच राज्यात बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या बाजूस, निहाली नावाची एक बोली काही थोडे लोक बोलतात. तिचे नाते जगातील कोणत्याही दुसऱ्या भाषेशी निश्चित जुळत नाही. तिची पोथी नाही आणि शिलालेखही नाही. ती बोलणारी माणसे हेच तिचे पुस्तक. अशा भाषेचे शब्द टिपून घेण्यासाठी अभ्यासकाला त्या माणसांच्या अंगणात महिनोन् महिने बसावे लागते. त्याच्या जाण्यायेण्याचा आणि जेवणाखाणाचा भार कोणीतरी उचलावाच लागतो, आणि अशा कामाला पैसा देणारे थोडेच असतात. एखादे देऊळ बांधले की त्यावर देणगीदाराचे नाव कोरता येते. शब्दकोशाच्या कामाला पैसा दिला तर वीस वर्षे काहीच दिसत नाही.

महाभारताच्या बाबतीतही तसेच घडले. आवृत्तीचा पहिला भाग छापून निघाला तो 1927 साली, म्हणजे देणगी जाहीर झाल्यावर नऊ वर्षांनी. अखंड आदिपर्व पूर्ण झाले 1933 साली. अठरा पर्वांतील एक पर्व! दिलेला लाख रुपया एवढ्या कामाला पुरणार नव्हता, हे तोवर सर्वांना कळून चुकले होते. मुंबई सरकार, मुंबई विद्यापीठ, बडोदे, म्हैसूर, हैदराबाद अशी संस्थाने, इतकेच काय पण लंडनची ब्रिटिश अकादमीही पुढे साहाय्याला आली. सुकथनकरांना पोथ्यांबरोबर जमाखर्चाच्या वह्याही पाहाव्या लागत. पण पहिला रुपया नसता तर दुसरा आला नसता. मोठे दान पुष्कळदा असेच असते. त्याने काम पुरे होत नाही, परंतु काम होणार असा विश्वास त्यामुळे इतरांना वाटू लागतो. देणगी देऊन बाळासाहेब घाईस आले, निकाल लवकर द्या म्हणून तगादा लावू लागले, असे मात्र झाले नाही. संपादकांच्या निवाड्यात त्यांनी ढवळाढवळ केली नाही. गणपतीची कथा परिशिष्टात गेली तेव्हा त्यांच्यासारख्या भाविक कीर्तनकाराला काय वाटले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

त्यांनी आपल्यासाठी मागून घेतले ते एवढेच, की ग्रंथातील चित्रे आपण काढावीत. राजाने चित्रे काढावयाची म्हणजे दरबारी चित्रकाराने काढावयाची आणि राजाने सही करावयाची, असे कोणी समजू नये. बाळासाहेब स्वतः कुंचला हाती धरीत. 1916 साली त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले होते. अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता आणि त्यांवर पुस्तकेही लिहिली होती. पांडवांच्या अंगावर पेशवाई अंगरखा आणि द्रौपदीला नऊवारी पातळ, अशी चित्रे त्या काळी घरोघर असत. बाळासाहेबांनी प्राचीन शिल्पे आणि भित्तिचित्रे पाहून, त्या काळची वस्त्रे व अलंकार कसे असतील याचा शोध घेऊन, महाभारताची चित्रे रंगविली. पाठ शोधताना पंडितांनी जी शिस्त पाळली, तीच चित्रे काढताना पाळण्याचा त्यांचा प्रयत्न होता.

विद्येचा हा लोभ पुण्यापुरता नव्हता. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मूळचे चित्रकार, पुढे वेदांचे अभ्यासक झाले. 1918 साली ते औंधला येऊन राहिले. तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापन करून वेदांच्या संहिता शुद्ध करून छापल्या. तीस वर्षे ते काम औंधलाच चालले. गरीब विद्यार्थ्यांनाही औंधचा आधार वाटे. साने गुरुजी लहानपणी शिकण्यासाठी काही काळ औंधला येऊन राहिले होते. कवी ग. दि. माडगूळकर तर याच संस्थानच्या माडगुळे गावचे. त्यांचेही काही शिक्षण औंधला झाले. मुलांची शरीरे बळकट व्हावीत म्हणून बाळासाहेबांनी संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, आणि स्वतःही ते म्हातारपणापर्यंत रोज नियमाने घालीत. सक्तीचे म्हटल्यावर मुलांनी थोडी कुरकुर केलीच असेल! 1935 साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले.

उतारवयात त्यांनी जे केले ते कोणा राजाकडून अपेक्षित नव्हते. 1938 साली त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविण्याचे जाहीर केले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे एक पोलिश इंजिनिअर यांनी यात पुढाकार घेतला. महात्मा गांधींनी या राज्यघटनेस मार्गदर्शन केले, आणि 1939 साली ती अमलात आली. गावोगाव पंचायती निवडल्या गेल्या. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत वसविण्यात आली. तेथे ना भिंत, ना बेडी. कैदी आपल्या कुटुंबासह राहून शेती करीत.

ज्या वर्षी सत्ता सोडण्याचे त्यांनी जाहीर केले, त्याच 1938 साली डोंगरावरचे ते संग्रहालय उभे राहिले. 1948 सालच्या मार्च महिन्यात औंध संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. 13 एप्रिल 1951 रोजी बाळासाहेबांचे देहावसान झाले. त्या वेळी महाभारताचे काम अपुरेच होते. सुकथनकर तर त्यांच्याही आधी, 1943 सालच्या जानेवारीत, गेले होते. त्यांच्यामागे डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी आणि नंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते चालविले. एकेक पर्व निरनिराळ्या पंडितांनी संपादिले. सभापर्व तर फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन विद्वानाने संपादिले. आरंभी तरुण असलेले लेखनिक आता वृद्ध झाले होते.

22 सप्टेंबर 1966 रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन पुण्यास आले आणि चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाल्याचे त्यांनी जाहीर केले. सत्तेचाळीस वर्षे लागली होती. एकूण 1259 पोथ्या तपासून झाल्या होत्या आणि 19 खंड तयार झाले होते. एक लक्ष मानले गेलेले श्लोक मूळ संहितेत पाऊण लाखाच्या आसपास भरले. उरलेले तळटीपांत आणि परिशिष्टांत सुरक्षित आहेत. संस्थेच्या ग्रंथालयात ते जाडजूड खंड आजही पाहावयास मिळतात. आदिपर्वाचा खंड उघडला तर मुखपृष्ठाच्या आतील पानावर संपादकांच्या नावाबरोबर औंधच्या राजाचेही नाव छापलेले दिसते. देणगीदार म्हणून नव्हे, चित्रकार म्हणून.